सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांची सावड

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाची लहानशी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावकऱ्यांच्या साथीने टॅबलेट आणि प्रोजेक्टरवर शिकवायला सुरुवात केली. विजेचा भरवसा नव्हता म्हणून सौरऊर्जेची जोड दिली. ही शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर ओळखली जाऊ लागली आणि पुढे कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून आपापल्या शाळेत संगणक आणले. गावाने मनावर घेतले की यंत्र येते, एवढे त्यातून पक्के झाले.

यंत्र आल्यानंतरचे प्रश्न मात्र वेगळे असतात. त्यात चालणारे सॉफ्टवेअर कुठून आणायचे? मराठी जोडाक्षरे नीट दिसतील याची काळजी कोणी घ्यायची? दोन वर्षांनी त्यातली एखादी त्रुटी उघड झाली, तर दुरुस्ती इथपर्यंत कशी पोचणार? जगभरातल्या स्वयंसेवकांनी या प्रश्नांवर गेली तीस वर्षे एक उत्तर घडवत आणले आहे. त्या कामाला पॅकेजिंग म्हणतात. संगणकाच्या जगात त्याची चर्चा कमी होते, पण मुक्त सॉफ्टवेअर सामान्य माणसाच्या हाती पडते ते याच कामामुळे. शहापूर आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या तरुणांना या कामात खरा वाटा उचलता येईल, असे मला ठामपणे वाटते. म्हणून ते कसे चालते, कशाने टिकते आणि कशाने मोडते, हे समजून घेऊ.

पॅकेज म्हणजे काय?

प्रोग्रामर जे लिहितो तो असतो 'सोर्स कोड', म्हणजे माणसाला वाचता येणारा मजकूर. तो संगणकावर चालण्याआधी त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. त्याला दुसऱ्या दहा-वीस सॉफ्टवेअरचा आधार लागतो, आणि त्या प्रत्येकाची ठरावीक आवृत्तीच चालते. फाइली योग्य जागी ठेवाव्या लागतात, आधीच्या आवृत्तीतली माणसाची माहिती जपावी लागते, काढून टाकायची वेळ आली तर मागे कचरा राहू द्यायचा नसतो. हे सारे प्रत्येक वापरणाऱ्याने स्वतः करायचे म्हटले तर मुक्त सॉफ्टवेअर फक्त तज्ज्ञांपुरते उरेल. पॅकेज करणारा हे काम एकदाच, नीट, सगळ्यांसाठी करून ठेवतो. शाळेतल्या शिक्षकाला मग एक आज्ञा टाइप करायची किंवा एक बटण दाबायचे, इतकेच उरते.

अशी पॅकेजे जुळवून लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या प्रकल्पांपैकी एक म्हणजे डेबियन. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. त्याच्यामागे कोणतीही मालक कंपनी नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजार अधिकृत सदस्य आणि त्यांच्या जोडीला कितीतरी साहाय्यक मिळून तो चालवतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. उबंटूसारख्या लोकप्रिय प्रणालीही याच पायावर उभ्या आहेत. एकमेकांना क्वचितच भेटणारी माणसे सत्तर हजारांच्या घरातली पॅकेजे एकमेकांशी जुळवून कशी ठेवतात, हे पाहण्यासारखे आहे.

कोकणपट्टीत भाताच्या आवणीला सावड करतात, तशीच ही रीत आहे. आज तुझ्या खाचरात सगळे उतरले, उद्या माझ्या. रोजगाराचा हिशेब नसतो, पण कोण कुठे कधी येणार हे पक्के ठरलेले असते आणि ते पाळले जाते. डेबियनमध्येही एकाचे पॅकेज दुसऱ्याच्या पॅकेजवर उभे असते. प्रत्येक जण आपला तुकडा सांभाळतो, कारण त्याचा स्वतःचा संगणक इतरांच्या तुकड्यांवर चालत असतो.

एका पॅकेजचा प्रवास

समजा, मुक्त परवान्याचा एक मराठी फॉन्ट तुम्हाला डेबियनमध्ये आणायचा आहे. पहिली पायरी म्हणजे जाहीर नोंद: 'हे काम मी हाती घेत आहे.' त्यामुळे दोघे जण एकाच वेळी तेच काम करत बसत नाहीत. कुणाला एखादे सॉफ्टवेअर हवे आहे पण बांधता येत नाही, तर तो मागणी नोंदवतो. कुणाला आपले पॅकेज सांभाळणे जमेनासे झाले, तर तसेही नोंदवता येते आणि ते पॅकेज 'अनाथ' म्हणून यादीत येते. काम सोडण्यालाही सरळ, बिनसंकोच वाट ठेवलेली आहे. स्वयंसेवकांच्या कुठल्याही कामाने शिकावी अशी ही गोष्ट आहे.

मग प्रत्यक्ष बांधणी. मूळ सोर्स कोडला हात न लावता त्याच्या बाजूला एक फोल्डर तयार होते. त्यातल्या चार फाइली मुख्य. 'कंट्रोल' फाइलमध्ये पॅकेजचे नाव, वर्णन आणि ते कशावर अवलंबून आहे याची यादी. 'रूल्स'मध्ये बांधणीची कृती. 'चेंजलॉग'मध्ये कोणी, कधी, काय बदलले याची नोंद. आणि 'कॉपीराइट'मध्ये प्रत्येक फाइलचा हक्क कोणाचा, परवाना कोणता. नवख्याला ही शेवटची फाइल कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावरच सर्वांत जास्त पॅकेजे अडतात. 'फुकट मिळते' आणि 'वाटायची, बदलायची परवानगी आहे' यांत मोठा फरक आहे. १९९७ साली डेबियनने आपली सामाजिक सनद आणि मुक्त सॉफ्टवेअरचे निकष स्वीकारले. त्यात न बसणारी गोष्ट मुख्य भांडारात, म्हणजे पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात, येत नाही.

बांधून झाल्यावर 'लिंटियन' हे साधन शेकडो ठरलेल्या चुका तपासून दाखवते. नवख्याला भांडारात थेट काही टाकता येत नाही. एखादा अनुभवी सदस्य त्याचे काम पाहतो, दुरुस्त्या सुचवतो आणि समाधान झाल्यावर आपल्या डिजिटल सहीने पुढे पाठवतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. पॅकेज अगदी नवे असेल तर भांडार सांभाळणारा वेगळा गट परवाने पुन्हा तपासतो. त्यानंतर ते 'अनस्टेबल' या विभागात येते. काही दिवस तिथे गंभीर तक्रार आली नाही तर आपोआप 'टेस्टिंग'मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगचे दार टप्प्याटप्प्याने बंद होते. डेबियन १३ साठी ही गोठवण मार्च २०२५ मध्ये सुरू झाली होती. मग सर्व जण नवे काही न आणता फक्त चुका निस्तरतात, आणि त्यातून 'स्टेबल' आवृत्ती तयार होते. शाळेच्या संगणकावर असावी ती हीच.

या सगळ्यात कोणी कोणावर डोळे झाकून विश्वास टाकत नाही. सदस्याची डिजिटल सही खरी त्याचीच आहे, हे आधीच्या सदस्यांनी प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून प्रमाणित करायची पद्धत आहे. इंटरनेटवर चालणाऱ्या या कामाला माणसांच्या भेटी म्हणूनच लागतात.

महाराष्ट्रातला वाटा

अशा भेटी महाराष्ट्रात झाल्या आहेत. फेडोरा या दुसऱ्या मोठ्या प्रकल्पाचे 'फडकॉन' हे संमेलन नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात भरले, जून २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच. त्याच वर्षी जानेवारीत आयआयटी मुंबईत डेबियनची 'मिनी डेबकॉन्फ' झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनचे जागतिक संमेलन प्रथमच भारतात, कोचीला आले.

संमेलनांच्या आधीपासून आणि त्यांच्या पलीकडेही इथे काम होत होते. भारतीय भाषांसाठी मुक्त फॉन्टच नव्हते, त्या काळात मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या 'इंडिकट्रान्स' गटाने 'गार्गी' हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने दिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये मुक्त केले आणि तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ते पुढे वाढवले. आज डेबियन किंवा फेडोरा घेतलेल्या संगणकावर मराठी दिसते, त्यामागे ही आणि अशी पॅकेजे आहेत.

इथे मराठी वाचणाऱ्या डोळ्यांची गरज नेमकी लागते. 'शेतकऱ्याचा', 'दुसऱ्या' यांतला अर्धचंद्रासारखा र हिंदीत लागत नाही. मराठीतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. 'ॲ' हे अक्षर मराठीला रोज हवे. फॉन्टमध्ये या गोष्टी राहून गेल्या तर परदेशातल्या, किंवा परप्रांतातल्याही प्रोग्रामरच्या ते लक्षात येणार नाही. पहिलीतल्या मुलाला 'शेतकर्याचा' असे चुकीचे दिसते तेव्हा ते ओळखेल ती त्याची शिक्षिकाच. तिने केलेली नेमकी तक्रार, चित्र आणि आवृत्तीच्या क्रमांकासह, प्रोग्रामिंगइतकीच मोलाची असते.

गटाने काम कसे पेलावे याचा मोठा धडा मिळाला तो गिटलॅबच्या पॅकेजमधून. गिटलॅब म्हणजे प्रोग्रामर एकत्र काम करतात ती व्यवस्था. प्रवीण अरिम्ब्रतोडियिल या मूळच्या केरळच्या, पुण्यातही वास्तव्य केलेल्या डेबियन सदस्यांनी ती डेबियनमध्ये आणायचे ठरवले. अडचण अशी की गिटलॅब शेकडो छोट्या-छोट्या लायब्ररींवर, म्हणजे तयार कोडच्या तुकड्यांवर, उभे आहे, आणि त्यांतली प्रत्येक आधी स्वतंत्र पॅकेज व्हायला हवी. एकट्याने हे करता आले नसते. त्यांनी विद्यार्थ्यांना पॅकेजिंग शिकवायला घेतले. एकेका विद्यार्थ्याला एकेक लहान लायब्ररी, सोपी आणि पूर्ण करता येईल अशी. नवखा शिकत गेला आणि मोठे काम पुढे सरकत गेले. गिटलॅब डेबियनमध्ये आले. मात्र त्याच्या नव्या आवृत्त्या इतक्या वेगाने येत की दोन वर्षे स्थिर राहणाऱ्या 'स्टेबल'च्या चौकटीत ते बसेना. म्हणून अशा सॉफ्टवेअरसाठी 'फास्टट्रॅक' नावाचे वेगळे भांडार सुरू झाले. मोठ्या कामाचे लहान, स्वतंत्र तुकडे करता आले तरच लोकसहभाग खरा होतो, आणि जिथे नियम कामाला अडतो तिथे नियम न मोडता बाजूला नवी वाट काढता येते, हे या प्रयत्नाने दाखवले.

एकट्यावर भार पडतो तेव्हा

या व्यवस्थेच्या दुखण्याचीही माहिती हवी. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये एक बदल झाला. तपासणीचे साधन ज्या ओळींबद्दल इशारा देत होते, त्या ओळी काढल्या गेल्या. मूळ लेखकांना त्याबद्दल विचारले गेले होते, पण प्रश्नाचे गांभीर्य दोन्हीकडे पोचले नाही. परिणामी ज्या गुप्त किल्ल्या अगणित प्रकारांनी तयार व्हायला हव्यात, त्या एका प्रकारच्या किल्लीसाठी अवघ्या ३२,७६८ शक्यतांपुरत्या उरल्या. मे २००८ मध्ये ल्युसियानो बेलो यांनी ही चूक शोधली आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासूनचा शिरस्ता असा: पॅकेज करणाऱ्याने मूळ कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल वेगळा, कारणासह दिसेल असा ठेवावा आणि मूळ लेखकांकडे पाठवावा.

दुसरा प्रसंग २०२४ चा. एक्सझेड नावाचे, फाइली लहान करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. ते बरीच वर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत त्याचा विश्वास मिळवला. त्याच काळात इतर अनोळखी नावांनी 'काम दुसऱ्याकडे द्या' असा तगादा लागला. हक्क हाती आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. तो कार्यान्वित करणारा तुकडा सार्वजनिक सोर्स कोडमध्ये नव्हता, फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. पॅकेज करणारे तोच गठ्ठा घेतात. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरले जाणारे ओपनएसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही, पण डेबियनसारख्या प्रणालींनी त्यात घातलेल्या एका जोडणीमुळे तो धागा तिथपर्यंत पोचत होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. डेबियनच्या 'स्टेबल' आवृत्तीत हे पोचलेले नव्हते. अनस्टेबल, टेस्टिंग, स्टेबल ही सावकाश चाल त्या वेळी कामी आली.

दोन्ही घटनांच्या मुळाशी कौशल्याची उणीव नव्हती. एक माणूस एकटा पडला होता, किंवा दोन गटांमधला संवाद तुटला होता. म्हणून डेबियनमध्ये आता बरीच पॅकेजे गटाच्या नावावर असतात: फॉन्टचा गट, रुबीचा गट, जावास्क्रिप्टचा गट. एखाद्याची परीक्षा आली, घरात आजारपण निघाले, नोकरी बदलली, तरी दुसरा सही करू शकतो. लोकसहभागाने उभ्या राहिलेल्या कामाची प्रकृती पाहायची असेल तर मी एकच प्रश्न विचारीन: मुख्य माणूस सहा महिने गैरहजर राहिला तर काय होईल?

शहापूर-मुरबाडमध्ये सुरुवात कशी करावी

कसाऱ्याच्या लोकलने कल्याण-मुंबईला शिकायला जाणारी मुले शहापुरात आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, पण तिथूनही मुले एसटीने कल्याण गाठतात. संगणकशास्त्र शिकलेले हे तरुण आणि गावातले शिक्षक मिळून पाच-सहा जणांचा गट सहज होईल. त्यांनी आधी आपल्या परिसरातल्या शाळांची यंत्रे पाहावीत. देणगीत आलेले बरेच संगणक जुने असतात. त्यांत ३२ बिटचे असतील तर डेबियन १३ त्यांच्यावर बसवता येणार नाही, कारण या आवृत्तीपासून त्या प्रकारच्या संगणकांसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) बंद झाला आहे. त्यांच्यासाठी डेबियन १२ ठेवावे. त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. जुन्या यंत्रांचा आधार सुटतो, कारण तो सांभाळणारी माणसे कमी पडतात.

इंटरनेट नसलेल्या पाड्यांसाठी डेबियनमध्येच उत्तर आहे. रितेश राज सराफ या भारतीय सदस्यांनी लिहिलेले 'एपीटी-ऑफलाइन' हे साधन शाळेच्या संगणकाला काय हवे त्याची एक लहान फाइल बनवते. ती पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट असलेल्या ठिकाणी यायचे, तिथे पॅकेजे उतरवायची, परत जाऊन बसवायची. सहीची तपासणी तिथेही होते, त्यामुळे वाटेत कोणी बदल केला तर तो पकडता येतो. जिथे दहा-बारा संगणक एका जागी आहेत तिथे 'एपीटी-कॅशर-एनजी' वापरावे. एकदा उतरलेले पॅकेज ते सगळ्यांना देते आणि मोबाइलच्या डेटावरचा खर्च वाचतो.

मग गटाने कामे वाटून घ्यावीत, आणि त्यांतली निम्मी प्रोग्रामिंग न येणाऱ्यांना जमणारी आहेत. एकाने परवाने तपासायचे. एकाने पॅकेजांची वर्णने मराठीत आणायची. डेबियनमध्ये त्यासाठी स्वतंत्र भाषांतर प्रकल्प आहे. शिक्षकांनी वर्गात वापरून तक्रारी लिहायच्या. एक-दोघांनी बांधणी शिकायची. प्रत्येक कामाला किमान दोन माणसे असावीत.

पहिले पॅकेज लहान घ्यावे. माझ्या मते मराठी शुद्धलेखन तपासणीच्या शब्दसूचीत हातभार लावणे हे सर्वांत उपयोगी ठरेल. 'घर' या एका शब्दाची 'घरात', 'घरापासून', 'घरच्यांनी', 'घराबाहेरच्या' अशी असंख्य रूपे होतात. ती सारी सूचीत लिहिता येत नाहीत, म्हणून प्रत्यय जोडण्याचे नियम फाइलमध्ये द्यावे लागतात. शब्द नसला की संगणक बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो, आणि मूल समजते की आपणच चुकलो. आवणी, राब, खाचर हे शब्द इथल्या प्रत्येक घरात आहेत. ते सूचीत आहेत का, हे तपासून नसतील तर सुचवणे हे एका दुपारचे काम आहे. त्यासाठी आपली भाषा बोलणारा माणूस मात्र लागतो.

केरळात असे घडलेले आहे. 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' हा स्वयंसेवकांचा गट २००० नंतरच्या दशकापासून मल्याळम फॉन्ट, कीबोर्ड आणि इतर साधने घडवतो, आणि त्यांचे फॉन्ट डेबियनमध्ये पॅकेज म्हणून मिळतात. राज्यातल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथले विद्यार्थी पुढे त्याच प्रकल्पांचे सदस्य झाले. शाळेने सॉफ्टवेअर वापरले आणि शाळेतून ते सांभाळणारेही तयार झाले, असे चक्र तिथे सुरू आहे.

महाराष्ट्राकडे फॉन्ट आहेत, अनुभवी माणसे आहेत, लोकवर्गणीतून शाळा उभारणारी गावे आहेत. या तिघांना जोडणारे तालुक्याच्या पातळीवरचे गट हवेत. असा गट उभा करायला शासनाच्या आदेशाची किंवा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. महिन्यातून एक ठरलेली बैठक, जाहीर कामांची यादी, प्रत्येक कामाला दोन नावे आणि पुण्या-मुंबईतला एखादा अनुभवी सदस्य स्पॉन्सर म्हणून, एवढ्यावर काम सुरू होते. शहापूर किंवा मुरबाडच्या गटाने सांभाळलेले पहिले पॅकेज भांडारात गेले की ते नाशिकच्या, नांदेडच्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या संगणकावरही त्याच एका आज्ञेने बसेल.